एकच तोंडवळा

फेलेटी आणि त्याची बहीण आनासेईनी यांचा तोंडवळा इतका एक, की ती ऑकलंडला गेली तरी आमच्या व्हावाऊ बेटावर तिला विसरायची सोय नव्हती. तिचं नाक फेलेटीच्या चेहऱ्यावर बसून दर रविवारी चर्चला येई. धाकटा मोसेसे मात्र कोणावरच गेला नव्हता. त्याला सगळे ‘बोटीतून पडलेला’ म्हणत. तोही पुढे सिडनीला गेला. घरात उरला फेलेटी आणि त्याची डुकरं.

आनासेईनीला रक्ताचा कॅन्सर झाला आणि भावाच्या हाडातली मज्जा लागेल असं कळलं, तेव्हा फेलेटीने रक्त तपासायला दिलं आणि लगेच बॅग भरली. निकालाची वाट कशाला बघायची? चेहरा होताच. गावानेही निरोपाचं जेवण उरकून घेतलं, त्याच्याच डुकरांचं. पाद्र्यांनी प्रार्थनेत त्याचं विमान सुखरूप उतरवलंसुद्धा. आपण कोणाला तरी हवे आहोत, म्हणून तो आठवडाभर रस्त्याच्या मधून चालत होता.

निकालाचा फोन माझ्याकडे आला, कारण मी शाळामास्तर आणि माझ्या फोनवर माणसं दिसतात. फेलेटी बाहेर पायरीवर पाठ करून बसला. वयात आलेले भाऊ-बहीण आमच्यात एका खोलीत बसत नाहीत. फोन ही खोली धरायची की नाही, हे पाद्र्यांनाही सांगता आलं नव्हतं.

ऑकलंडच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, मज्जा जुळते ती चेहऱ्यावरून नाही, आईबापांकडून आलेल्या वाट्यांवरून. आईकडे दोन वाटे, बापाकडे दोन. प्रत्येक मुलाला दोघांकडून एकेक. बहिणीला जे आले, नेमके तेच सिडनीत रक्त दिलेल्या मोसेसेला आले होते.

“आणि माझं किती जुळलं?” पायरीवरून प्रश्न आला.

“काहीच नाही.”

“अर्धंही नाही, मास्तर?”

“नाही.”

डॉक्टरीणबाई गेल्या. पडद्यावर आनासेईनी उरली.

“त्याला सांगा, नाक माझंच आहे, नीट सांभाळ म्हणावं.”

त्याला ऐकू गेलंच होतं, पण रीत म्हणून मी सांगितलं.

“दिसते कशी?” त्याने विचारलं.

औषधांनी तिचे केस गेले होते, भुवयाही. ऑकलंडच्या खाटेवर, गुलाबी झग्यात, थेट फेलेटीच बसला होता.

“तुझ्यासारखीच.”

“मग फारच आजारी आहे.”

फोनमधून हसू आलं, त्याचा खोकला झाला, आणि फोन बंद पडला.

मान न वळवता त्याने विचारलं, “आहे ना ती अजून?”

काळ्या पडद्याकडे बघत मी हो म्हणालो. तो तसाच पाठ करून बसून राहिला.