सातवा गोल

आमच्या धोटा स्पोर्टिंग क्लबला चाहते एकोणीस, खेळाडू धरून. वीस होते, पण एकाचं लग्न झालं. धोटा म्हणजे मागात दोरा घेऊन इकडून तिकडं पळतो तो. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरींचे कारखाने जिथं संपतात, तिथं पाण्याच्या टाकीमागं आमचं मैदान. त्याला उतार असा, की एकदा गोलकीपरच्या हातून सुटलेला चेंडू थेट कुंभारी गावात जाऊन थांबला, आणि परत देण्याआधी तिथल्या लोकांनी त्यावर अर्धा तास खेळून घेतलं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. अर्धा तास नसेल, पण पाहिलंय.

मी कुंडलिक. चाळीस वर्षं जॉबर होतो, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचो. रिटायर झाल्यापासून हात रिकामे आणि तोंडाला दोन पाळ्या. क्लबमध्ये मला सगळे तात्या म्हणतात. मी सांगितलेल्या गोष्टीतलं खरं शोधायचं तर चाळण लागते असंही म्हणतात, पण ते माझ्यामागं.

ही गोष्ट गुरुशांतची. महेश्वर मालकांच्या कारखान्यात माग चालवायचा आणि आमच्या बचावफळीत मधोमध उभा राहायचा. तीन वर्षं उभा राहिला. एखाद्या रविवारी भिंत, पुढच्या रविवारी उघडं दार. भिंत असायचा तेव्हा त्याच्या बाजूनं मुंगीसुद्धा परवानगी काढून जायची. दार असायचा तेव्हा प्रतिस्पर्धी चपला बाहेर काढून आत यायचे. त्यानं लाथाडलेला एक चेंडू आठ दिवस सापडला नाही. सापडला तेव्हा एका कारखान्याच्या पत्र्यावर होता आणि चिमणीनं त्याच्या आडोशाला घरटं बांधलं होतं.

मग आली फायनल. समोर चिंचोळी एमआयडीसीचा संघ. पाच मिनिटं उरलेली, गोल कुणाचाच नाही. उजवीकडून चेंडू आला, गुरुशांतनं उडी मारली आणि डोक्यानं तो आमच्याच जाळ्यात घातला. हरलो.

घडलं एवढंच. पण दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मी काय सांगितलं? म्हटलं, हेडर असा बसला, की चेंडू जाळं फाडून मागच्या लिंबाला आपटला, परत आला, पुन्हा गोलात शिरला, आणि पंचानं दोन गोल धरले. लोक पोट धरून हसले. मला बरं वाटलं. आठवड्यात ती गोष्ट चिंचोळीपर्यंत गेली आणि गुरुशांतचं नाव पडलं 'डबल'. तो टपरीवर आला, की कुणीतरी ओरडायचं, "एक चहा दे, आन डबलला दोन!" तोही हसायचा. पहिल्या आठवड्यात मोठ्यानं हसला, दुसऱ्या आठवड्यात जरा कमी. तिसऱ्या आठवड्यात तो इचलकरंजीला गेला, तिथल्या मागावर कामाला. क्लबमध्ये कुणाला सांगितलं नाही. तिथं जाऊन त्यानं चेंडूला पाय लावला नाही, हे त्याच्या आईकडून कळलं.

त्याची आई बसव्वा. राहते कुंभारीत, मालकांच्याच कारखान्यात शिलाईवर आहे. चादरींचे काठ ती दुमडून शिवते. बोलणं अर्धं मराठी, अर्धं कन्नड, आणि राग आला, की पूर्ण कन्नड.

आता आमच्या क्लबची एक रीत सांगतो. खेळाडू सोडून गेला, की त्याच्यासाठी कापड विणतो. क्लबच्या उपयोगी पडला असेल तर चादर, काठावर त्याचं नाव आणि त्याचं एक मोठं काम. नुसता येऊन गेला असेल तर नॅपकिन. कापडाच्या गावात याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. नॅपकिन मिळालेला एक जण अजून आमच्याकडं बघत नाही.

बसव्वा वैशाखात पोराला भेटायला निघाली. सकाळी सहाची एसटी. तिच्या आदल्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती, म्हणून सकाळीच टाकीच्या सावलीत बैठक बसली. बसव्वाही आली. पिशवी मांडीवर घेऊन बाजूला दगडावर बसली.

"अक्का, तुमी कशाला उन्हात? निरोप धाडला असता की," महेश्वर मालक म्हणाले. ते क्लबचे अध्यक्ष.

"काठ मलाच मारायचाय न्हवं? चादर असली तर दोरा येगळा, नॅपकिन असला तर येगळा. बोला तुमी."

पण तिची बोटं पिशवीचा बंद गुंडाळत होती, सोडत होती. तिच्या पिशवीत जे जाईल ते बघून तिचा लेक एकतर पुन्हा मैदानात उतरेल, नाहीतर सोलापूरचं नाव टाकेल, हे तिला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. आणि हे ओझं माझ्या जिभेनं तयार केलं होतं, हे मला.

विरेश उभा राहिला. आमचा सगळ्यात कडक चाहता. संघ हरला, की दोन दिवस जेवत नाही, असं तो सांगतो. बायको म्हणते दोनदा जेवतो. त्यानं बोटं मोजायला घेतली.

"आपल्याच गोलात चार येळा मारला. लाल कार्ड दोन. पेनल्टी तर प्रसादासारख्या वाटल्या. आन फायनल. फायनल इसरला का कुणी? अक्का, राग मानू नका, पण माल डागी, सेकंडचा. नॅपकिन."

"सेकंडच्याच चादरीत वाढलाव की तुमी समदे," बसव्वा म्हणाली. "फर्स्टचा माल तर बाहेर जातोय. थंडी वाजली हुती का कवा?"

सगळे हसले, विरेशही हसला, पण बोट खाली घेतलं नाही.

गोलकीपर सिद्धाराम म्हणाला, "जत्रेच्या सामन्यात त्यानं लायनीवरनं तीन अडवले. ते कोण मोजंना."

"तीन अडवले, आन त्याच सामन्यात तू दोन सोडले."

"मी सोडले ते माझ्या नॅपकिनच्या येळंला काढा. आज त्याचं चाललंय."

असं तासभर चाललं. कुणी म्हणालं, तो असला, की निदान मैदानात आवाज असायचा. कुणी म्हणालं, आवाज असायचा, पण उशिरा. चेंडू गेल्यावर "माझा, माझा" ओरडायचा. एक जण म्हणाला, माझ्या बापाला दवाखान्यात न्यायला तोच आला होता. विरेश म्हणाला, ते कापड क्लबनं कशाला द्यायचं, तू दे. कुणी चुकीचं बोलत नव्हतं, हीच अडचण होती. शेवटी मालकांनी हात वर करायला सांगितले. नॅपकिनला बारा हात.

बसव्वानं पिशवीचा बंद सोडला. "साकु," म्हणाली, पुरे. "नॅपकिन तर नॅपकिन. रोजच्याला उपेगी पडतंय." आणि उठायला लागली.

तेव्हा मी म्हणालो, "अक्का, बसा. मला एक सांगायचंय."

सगळ्या तोंडांवर एकदम हसू आलं. तात्या उठले म्हणजे करमणूक. कुणी तंबाखू मळायला घेतली, कुणी मांडी बदलली.

मी म्हणालो, "परवाच्या साली बार्शीवाल्यांनी आपल्याला सहा घातले."

"सहा?" मालक म्हणाले. "तात्या, तुमच्या तोंडी सहा? सोळा म्हणा की."

"सहाच. पाचव्याला तुमी समदे उठून गेला. माझ्या सायकलीचा वॉल्व्ह गेला हुता, म्हणून मी राहिलो. शेवटचं मिनिट. त्यांचा एक जण एकटाच पळत सुटला, पुढं कोण न्हाय. सिद्धाराम जमिनीवर पडल्याला. आपली पोरं कमरेवर हात ठेवून उभी. सहा झाल्यात, सातवा झाला काय आन न झाला काय. गुरुशांत पार मैदानाच्या मधनं पळाला. चेंडू लायनीवर हुता तवा त्यानं अंग टाकलं. चेंडू बाहेर गेला, आन त्याचं कपाळ खांबाला बसलं. मग शिट्टी झाली. सहा-शून्य. तो उठला आन हातानं डोळ्यावरचं रक्त पुसत घरी गेला. टाळी वाजवायला मी एकटा हुतो. मीबी वाजवली न्हाय. वॉल्व्ह शोधत हुतो."

एवढं बोलून मी खाली बसलो. सांगताना जीभ दहा वेळा वळवळली. खांब वाकला म्हणावं, बार्शीचा पोरगा पाया पडला म्हणावं, असं तोंडात येत होतं. दातांखाली दाबून धरलं. फायनलच्या गोष्टीत ज्या जिभेनं मीठ टाकलं, तिला आज अळणी वाढायचं होतं.

कुणी हसलं नाही. पण कुणी मानही डोलावली नाही. वाट बघत होते, पुढं काय म्हणून.

"मग?" मालक म्हणाले.

"मग काय न्हाय. संपलं."

"आजच बनवलं का, तात्या?"

चाळीस वर्षांच्या थापांचं व्याज एका सकाळी फेडावं लागतं ते असं. मी सिद्धारामकडं बघितलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "मी बघितलं न्हाय. मी उपडा हुतो. पण एक हाय. चेंडू आणायला मी जाळ्यात गेलो, आन जाळ्यात चेंडूच न्हवता. मला वाटलं, जाळं फाटलंय."

बसव्वा हळूच म्हणाली, "भुवईला तीन टाके पडले हुते त्याच्या. मला म्हणला, मागाची दोरी तुटून लागली." ती थांबली. "रविवारी कुटला माग चालू असतोय? पण मी इचारलं न्हाय. पोरं कायबी सांगत्यात."

तरी बारा हात बाराच राहिले असते. पण विरेश उठला. माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि पोलिसासारखं बघायला लागला.

"तात्या, तुमी खोटं बोलत असता, तर गुरुशांतनं सातवा अडवला असं सांगितलं असतं का?"

"म्हंजे?"

"म्हंजे असं, की खोटंच सांगायचं तर मानूस म्हणंल, त्यानं पयला अडवला आन आपण जिंकलो. न्हायतर म्हणंल, चेंडू अडवला तो उलटा जाऊन बार्शीच्या गोलात घुसला. तुमी तर तो बार्शी गावात घुसवला असता. सहा-शून्य हरताना सातवा अडवला, असली थाप कोण मारंल? तिचा उपेग काय?" तो बाकीच्यांकडं वळला. "हे खरं हाय, राव. तात्यांच्या तोंडात असलं बारकं खोटं बसतच न्हाय."

माझ्या खरेपणाचं असं प्रमाणपत्र मला जन्मात मिळालं नव्हतं. आनंद मानावा की राग, ते अजून ठरलेलं नाही.

विरेश तिथंच मातीत बसला. चपलेनं रेघ ओढत म्हणाला, "मी पाचव्याला गेल्तो. जाताना त्याला शिवी दिली हुती. त्यानं माझ्याकडं बघितलं पण. आन त्याच्या फुडं तो सातव्यासाठी पळाला."

पुन्हा हात वर करा असं कुणी म्हणालं नाही. मालकांनी खिशातून चाव्या काढल्या.

सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, त्या सगळ्या एमआयडीसीत एकच माग वाजत होता. विरेशच चालवत होता. डिझाइनला पुठ्ठ्याचे भोकं पाडलेले पत्ते लागतात, आणि अक्षरांचे पत्ते आमच्याकडं जुळवूनच ठेवलेले असतात. मी कितीतरी वर्षांनी मागाखाली सरपटलो आणि तेल सोडलं. काठावर काय विणायचं यावर थोडा वाद झाला. सिद्धारामला जत्रेचे तीन हवे होते. शेवटी एवढंच विणलं: 'गुरुशांत. सातवा गोल अडवला.' ज्याला माहीत नाही त्याला वाटेल, सहा सोडले ते कुणी? वाटू दे. सोडले होतेच.

चादर मागावरून उतरली तेव्हा गरम होती. बसव्वानं मशीनवर काठ मारला. शेवटचा दोरा दातानं तोडताना तिनं मला विचारलं, "तात्या, तो इचारंल, ह्ये कोण सांगितलं. कुणाचं नाव सांगू?"

"विरेशचं सांगा. माझं सांगितलं तर त्याला थट्टाच वाटंल."

तिनं चादरीची घडी घातली, पुन्हा मोडली, पुन्हा घातली.

"अक्का," मी म्हणालो, "ते दोन गोलाचं मीच उठवलं हुतं."

"ठाऊक हाय की," बसव्वा म्हणाली. "चिंचोळीत माझी भैण ऱ्हाती. तिनं मला तीन गोलाचं सांगितलं."

चार दिवसांनी ती परत आली. मी कारखान्याच्या फाटकावरच उभा होतो; सहज उभा होतो असं दाखवत होतो. तिनं पिशवी खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि मला पाणी मागितलं. मी आणलं. ती सावकाश प्यायली. बाई मुद्दाम वेळ काढत होती.

"चादर बघितली त्यानं?" शेवटी मी विचारलं.

"बघितली. काठ वाचला. म्हणला, अव्वा, तितं तर कोण न्हवतं. म्हणलं, तात्या हुते."

"माझं नाव सांगितलंत?"

"खोटं कशाला बोलू?"

"मग हसला?"

"न्हाय. डोक्यावरनं घेऊन झोपला. वैशाखाचं ऊन, खोलीला पत्रा, आन तो चादर घेऊन झोपला. मी भाकरी केल्या, आमटी केली, तरी उठंना. मग टोक उचलून बघितलं, तर घामानं न्हालेला."

"रडत हुता का?"

"मला काय ठाऊक? समदं तोंड वलं हुतं." तिनं पिशवी उचलली. जाता जाता वळली, आणि आता तिचा आवाज चांगलाच चढला. "उठला, जेवला, आन मला म्हणतो कसा, अव्वा, माझे बूट कुटं हायत? कुंभारीला दाराच्या मागं हायत म्हणलं. तर माझ्यावरच चिडला! मंगळवारी तितल्या पोरांचा सामना हाय म्हणं. एकोणीस माणसं बसला हुता तितं टाकीखाली, तात्या, तासभर चादर-नॅपकिन, चादर-नॅपकिन केलं. एकाला तरी सुचलं का, बुटं घेऊन जा म्हणून सांगायचं?"