आपोआप चालणारं

बोटाला लावलेल्या चिमट्यातला लाल दिवा नखातून दिसतो आहे... नख आतून पेटल्यासारखं. छातीवर चिकट चकत्या, त्यांच्या वायरी, आणि डोक्याशी बसलेली तंत्रज्ञ मुलगी – "ताई, काही करायचं नाही. रोजच्यासारखा श्वास घ्या. शांत राहा."

शांत राहा! हे ऐकलं की तिचं डोकं उठतं. सासूबाई हेच म्हणतात, "फार मनाला लावून घेतेस गं." नवरा हेच म्हणतो, तेही संडासाच्या दाराबाहेर उभा राहून. आणि परवा ते मोठे सर्जन, पेशंटच्या उघड्या पोटावरून मान वर न काढता, सगळ्यांदेखत – "सिस्टर, पुन्हा मधेच टेबल सोडलंत, तर स्टोअरमध्ये बसा कापूस मोजत." जणू पोट फक्त पेशंटलाच असतं! आतड्यांच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, आतड्याचा चिडकेपणा. चला, घरात कुणाला तरी चिडायची परवानगी आहे. बाकीच्या तपासण्या स्वच्छ निघाल्या, म्हणून आता हृदय-आतडी आपोआप चालवणाऱ्या नसांची ही शेवटची.

सर्जनच्या हातात हत्यारं देणं, एवढंच काम तिला येतं आणि तेच तिला हवं आहे. एकदा हात धुऊन उभं राहिलं की कशाला शिवायचं नाही, जागचं हलायचं नाही. कळ उठली तर मास्कआड श्वास लांबवायचा – सावकाश आत, त्याहून सावकाश बाहेर – आणि कुणाला ताकास तूर लागू द्यायची नाही...

"झालं," मुलगी म्हणाली. "छान आलंय की! ठोके श्वासाबरोबर मस्त वरखाली होतायत. नॉर्मल."

नॉर्मल. म्हणजे पुन्हा मनाचे खेळ. म्हणजे स्टोअर. आणि तेव्हा कुठे लक्षात आलं – मी आत्ताही तसाच, मास्कआडचा लांबवलेला श्वास घेत होते, म्हणून आलेख छान आला! सवयीने. ज्या पोटाचं गाऱ्हाणं घेऊन आले, त्याच्याच तोंडावर हात ठेवून पडले होते मी, मूर्खासारखी.

"तपासणी पुन्हा घ्या."

"आत्ता? ठोके बघा किती वाढलेत. चिडलायत तुम्ही. जरा शांत झालात की –"

"नाही. अशीच घ्या."

मुलीने क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग बटण दाबलं. श्वास अडखळला, तिने तो सावरला नाही. पोटातून गुरगुर निघाली, खोलीभर ऐकू गेली. मुलीने मान खाली घातली. आलेखात काय उमटतंय ते पडल्या जागेवरून दिसत नव्हतं, कदाचित याही वेळी काही उमटणार नाही. राग होता तसाच होता... आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच, तो गिळावा असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही.