कृत्तिकांमधली सातवी

खरं तर हे सांगायची मला मनाई आहे. शेजारचा मोठा तारा ऐकत असतो, म्हणून हळू बोलते.

मी कृत्तिकांमधली सातवी चांदणी. आमच्या पुंजक्यातल्या सहा जणी कुणालाही दिसतात. मी त्या मोठ्या ताऱ्याला चिकटून, अगदी अंधूक. तशी मी लहान नाही. तुमच्या सूर्याहून मोठी, दुप्पट तापलेली, निळसर पांढरी. अर्ध्या दिवसात स्वतःभोवती एक गिरकी घेते. त्या वेगाने माझ्याच अंगातला वायू बाहेर फेकला जातो आणि त्याचं कडं माझ्याभोवती फिरत राहतं.

माझा उजेड तुमच्यापर्यंत यायला चारशेहून जास्त वर्षं लागतात. तो निघाला तेव्हा मुकुटबनजवळचा हा तांडा नव्हता. पण तो ज्या डोळ्यात उतरतो, तो डोळा मला आतून कळतो. तो जे पाहतो, ते मीही पाहते.

तांड्यात एक रीत आहे. तुरीला शेंगा धरल्या की रानडुकरं हाकायला माणसं रात्री मचाणावर जागलीला जातात. निघण्याआधी, अंधार पडला की, घरातले सगळे अंगणात उभे राहून आम्हाला मोजतात. एकालाही सहाच दिसल्या, तर त्या दिवशी त्या घरातलं कुणी शेतात जात नाही. यंदा तर ओढ्याकाठी वाघाचे पंजे उमटलेत.

डोंगरसिंग चाळीस वर्षं सात मोजत आला. पण दोन हिवाळे झाले, मी त्याच्या डोळ्यात उतरत नाही. तिथे दुधासारखं काही साचलंय, त्यावरच अडते. तरी तो सातच म्हणतो.

परवा शेजारचा गुलाबसिंग कुंपणापाशी थांबला.

"किती मोजल्या गा, डोंगरसिंग?"

"सात."

"डोळे हायेत का दुर्बीण? मले तं आता चूलबी नीट दिसत नाही."

"मंग चुलीपाशीच बस."

डोंगरसिंगची नात सुरभी डबा घेऊन उभी होती. नववीतली, फार न बोलणारी. तिने हळूच विचारलं, "आबा, सातवी कोणत्या बाजूले हाय?"

"थे काय, तिकडं."

त्याच्या बोटाच्या टोकाशी नुसता अंधार होता.

त्याच वेळी मी आणखी दोन डोळ्यांत उतरले. डोंगरसिंगच्या तुरीत, मचाणाखाली, जमिनीपासून हातभर उंचीवर. इतकी स्वच्छ मी माणसाच्या डोळ्यात कधीच उतरले नव्हते. ते डोळे मिटत नव्हते. ते पायवाटेकडे लागले होते.

सुरभीने वर पाहिलं. मी तिच्या डोळ्यांत लख्ख होते.

"मले सहाच दिसतात, आबा," ती म्हणाली.

"नीट पाय."

"पाह्यलं. सहाच."

म्हातारा तिच्या आवाजाकडे वळला. मग त्याने टॉर्च खुंटीला अडकवला. "सोमवारी यवतमाळले जाऊ. तुह्ये डोळे दाखवू," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "माह्येबी दाखवून घेतो."

तुम्हीही आम्हाला मोजत जा. सहाच दिसल्या तर घरी बसा, त्यात लाज कसली.

पण आज ते डोळे मचाणाखाली नाहीत. ते शेजारच्या कुंपणाच्या आत आलेत. त्यांच्यासमोर अंगणातल्या चुलीचा जाळ आहे, आणि जाळापाशी गुलाबसिंग पाठमोरा बसलाय. मोठा तारा मला हाक मारतोय. आले, आले. एवढंच, कुणीतरी त्याला सांगा, की हळूच उठ आणि मागे—