कमरेचं वजन

सरावाच्या मैदानावर जान्हवी परबने पिस्तुलाच्या मॅगझीनवर खालून तळहात हाणला आणि स्लाइड जोरात मागे ओढली. अडकलेली पुंगळी उडून वाळूत पडली. उरलेल्या गोळ्या तिने झाडल्या खऱ्या, पण खांदे वर चढलेलेच राहिले.

"पिस्तुलाला कशाला शिव्या देतेस?" मागून उस्ताद धोंडिराम म्हणाले. "आखूड पिस्तूल आहे. मनगट ढिलं सोडलंस की अडकणारच. हात घट्ट ठेव, ते दगा देणार नाही."

"हात घट्टच होता, उस्ताद. आणि ही कमरेच्या होल्स्टरची क्लिप बघा. जिने उतरताना वाटतं, आता पडतंय."

"नवीन आलं की पहिलं तुला."

हे ती तिसऱ्यांदा ऐकत होती. तिने पिस्तूल कमरेला उजवीकडे खोचलं, वरून एक माप मोठा घेतलेला कुर्ता ओढला आणि दुपारच्या आत मुलुंडला पोचली.

तिसऱ्या मजल्यावरच्या टिपणीसांकडे ती गेले चार महिने साध्या वेशात पोलीस संरक्षणाची ड्यूटी करत होती. श्यामसुंदर टिपणीस ट्रॉम्बेतून निवृत्त झालेले इंजिनीअर. सोसायटीच्या सेक्रेटरीला खालच्या पार्किंगमध्ये चौघांनी लोखंडी सळयांनी मारलं, तेव्हा ते गॅलरीत झाडांना पाणी घालत होते. सेक्रेटरी दवाखान्यात गेला तो परत आला नाही. गॅलरीत त्या वेळी आणखीही माणसं होती. पोलीस आल्यावर मात्र कुणालाच काही दिसलेलं नव्हतं. टिपणीसांनी चौघांपैकी दोघांना ओळखलं आणि तसं लिहून दिलं. मग फोन येऊ लागले. मग जान्हवी आली.

"जे दिसलं ते सांगायचं, यात शौर्य कसलं?" ते म्हणत. खोटं त्यांना कुठल्याच मापात चालत नसे. नको असलेल्या पाहुण्याचा फोन आला आणि वनमालाबाईंनी "हे झोपलेत" म्हटलं, तर ते आतून मोठ्याने खोकत.

वनमालाबाईंचा राग पिस्तुलावर होता. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "तू ये गं, घरच्यासारखी राहा. पण ते घेऊन स्वयंपाकघरात नको. तिथेच माझे देव आहेत." तेव्हापासून जान्हवी दाराजवळच्या खुर्चीत बसून चहा प्यायची. चहा देताना बाई तिच्या कमरेकडे चुकूनही बघत नसत. जान्हवीला त्याचं वाईट वाटत नव्हतं. वाकोल्याच्या घरी तिची आईसुद्धा ते बघितलं की नजर वळवायची.

त्या शनिवारी जेवणं झाल्यावर ती खुर्चीत टेकते न टेकते तोच आतून भांडं पडल्याचा आवाज आला.

"जान्हवी! अगं, हे बघ ना कसं करतायत!"

काका पलंगाच्या कडेला वाकून बसले होते. चेहरा राखेसारखा, सदरा घामाने ओला. हात छातीवर. बोलायला गेले, शब्द फुटला नाही.

तिने रुग्णवाहिकेला फोन लावला. अर्धा तास तरी लागेल, म्हणाले. लिफ्ट दोन दिवसांपासून बंद. तिने शेजारची बेल दाबली. आत टीव्ही चालू होता. बेल वाजली तसा तो बंद झाला, पण दार उघडलं नाही. केस उभी राहिल्यापासून त्या मजल्यावर टिपणीसांशी कुणी बोलत नव्हतं.

"मी घेते पाठीवर," ती म्हणाली.

वाकून तिने काकांचे पाय दोन्ही बाजूंनी पुढे घेतले, तेव्हा त्यांची मांडी नेमकी पिस्तुलावर आली आणि क्लिप सुटली. मूठ कुर्त्याखाली वाकडी झालेली तिला जाणवली. डावीकडे लावलं तरी तेच. पर्समध्ये टाकावं, तर पर्स कोण सांभाळणार? तिने काकांना पुन्हा टेकवलं, पिस्तूल काढलं, मॅगझीन उतरवून आपल्या खिशात घातलं, स्लाइड ओढून रिकामं असल्याची खात्री केली.

"काकू, हे धरा."

वनमालाबाई दोन पावलं मागे सरकल्या.

"काकू, रिकामं आहे. काही होणार नाही. इथे बोट घालायचं नाही, बाहेरूनच धरा. पदरात गुंडाळा आणि माझ्या मागून या. कुणाला देऊ नका."

बाईंनी हात पुढे केले. ओंजळीत तीर्थ घ्यावं तसं त्यांनी ते घेतलं आणि त्यावर पदराचा बोळा केला.

जिना उतरताना जान्हवीला काकांचा श्वास मानेवर लागत होता. तो लागतोय तोवर ठीक, एवढंच तिच्या डोक्यात होतं. फाटकाशी रिक्षा मिळाली. रिक्षात काकांचं डोकं तिच्या खांद्यावर, आणि पलीकडे वनमालाबाई दोन्ही हात पोटाशी घट्ट धरून बसलेल्या. एरवी सिग्नललाही स्तोत्र पुटपुटणाऱ्या बाईंचे ओठ आज हलत नव्हते.

दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर आलं. गडबडीत पदर सरकला. दारावरच्या सुरक्षारक्षकाने काय ते पाहिलं आणि पाहतच राहिला.

काकांना आत नेल्यावर जान्हवी बाईंना कोपऱ्यात घेऊन गेली. "द्या, काकू."

बाईंना ते देता येईना. बोटं आखडून गेली होती. जान्हवीने एकेक बोट हळूच उघडलं.

हृदयाच्या रक्तवाहिनीतला अडथळा काढला, जीव वाचला. डॉक्टर बाहेर येऊन बोलत होते तेव्हा वनमालाबाईंनी जान्हवीचा हात धरला, आणि डॉक्टर गेल्यावरही सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस ठाण्यातून जान्हवीचे वरिष्ठ अनंत खराडे साहेब आले. फुलं आणली होती. ती खिडकीत ठेवून त्यांनी स्टूल ओढलं.

"काका, आता बरं वाटतंय ना? एक विचारायचं होतं. इथल्या गार्डने कळवलंय की काल काकूंच्या हातात पिस्तूल होतं." त्यांनी जान्हवीकडे पाहिलं नाही. "शासकीय हत्यार दुसऱ्याच्या हातात गेलं असेल, तर मला वर कळवावं लागेल. मग परबची नोकरी माझ्या हातात राहत नाही."

जान्हवी भिंतीशी उभी होती. जे झालं ते सांगायचं, हे तिने ठरवलेलंच होतं.

"काकू, काय होतं तुमच्या हातात?"

वनमालाबाईंनी तोंड उघडलं. मिटलं. त्यांचा चेहरा लाल होत गेला.

"साहेब, मीच..." जान्हवी पुढे झाली.

"पिस्तूल तिच्या कमरेला होतं."

आवाज खोल होता, पण स्पष्ट. काकांनी नाकावरची ऑक्सिजनची नळी बोटाने जरा बाजूला केली होती.

"नक्की, काका? तुम्ही शुद्धीत होतात?"

"अख्खा जिना माझ्या मांडीला टोचत होतं. अजून दुखतंय." त्यांनी पांघरुणावरून उजव्या मांडीवर हात ठेवला. "हिच्या हातात माझं बीपीचं मशीन होतं. घाबरली की हातात येईल ते उचलते ही."

खराडे साहेब थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. मग जान्हवीच्या कमरेकडे. "गार्डलाही चष्मा लागला असेल," ते म्हणाले आणि उठले. दाराशी थांबून त्यांनी हळू आवाजात विचारलं, "परब, होल्स्टरचा अर्ज कधीचा आहे तुझा?"

"फेब्रुवारीपासून, सर."

"उद्या ये. माझं मी देतो."

ते गेल्यावर वनमालाबाई नवऱ्याकडे बघत होत्या. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस पहिल्यांदाच भेटल्यासारख्या.

"जड असतं का गं ते?" काकांनी डोळे मिटूनच विचारलं.

"मला तेवढंसुद्धा पेलत नव्हतं," बाई म्हणाल्या. "आणि या पोरीने तुम्हाला पेललं."

जान्हवी खिडकीकडे वळली आणि फुलं उगाचच नीट लावत राहिली.

साक्ष दिवाळीनंतर झाली. काका काठी टेकत पिंजऱ्यात चढले. आरोपींचे नातेवाईक समोरच्या बाकांवर बसले होते, जान्हवी दाराशी. "मी ईश्वरसाक्ष शपथ घेतो की खरं सांगेन," काकांनी म्हटलं, "खोटं..." आणि तिथे ते थांबले.

न्यायाधीशबाईंनी मान वर केली. "आजोबा, त्रास होतोय का? बसून बोला हवं तर."

"नाही. छान आहे मी," काका म्हणाले. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, काठी कठड्याला टेकवून ठेवली आणि पुढचे शब्द म्हणून टाकले. मग गॅलरीतून जे दिसलं ते, दोघांकडे बोट दाखवून, सगळं सांगितलं.