आमचं स्टूल

माझी नात दहावीत आहे. तिची अभ्यासाची एक रीत होती. विज्ञानाचा धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि तो मला समजावून सांगायचा. जिथे अडखळली, तिथे पुन्हा पुस्तक उघडायचं. मी जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस, अक्षरशत्रू. ती म्हणायची, "आजोबा, तुम्हाला कळलं म्हणजे मला आलं." संध्याकाळचा तो अर्धा तास माझा होता.

तिथेच मी घोटाळा केला. पोरीच्या जास्त उपयोगी पडावं म्हणून सदुसष्टाव्या वर्षी वाचायला शिकलो. हळूहळू तिचंच पुस्तक बोट फिरवत वाचू लागलो. मग ती जरा अडखळली की मी लगेच म्हणायचो, "अप्रकट उष्मा!" वाटायचं, हिला माझा केवढा अभिमान वाटत असेल.

एके दिवशी ती आलीच नाही. खिडकीतून पाहतो तर बाईसाहेब खाली इस्त्रीवाल्याच्या टेबलाशी! आमच्याच घरातलं स्टूल नेलेलं, हातवारे चाललेले, आणि तो मान डोलावतोय. माझ्या अंगाची लाही लाही झाली. खस्ता खाल्ल्या मी, आणि आयत्या बिळावर हा नागोबा.

चार दिवस सोसलं. पाचव्या दिवशी विचारलंच, "त्याला काय कळतं गं विज्ञानातलं?"

"काहीच नाही. म्हणून तर जाते. तुम्ही आधीच उत्तर सांगता, आजोबा. मला वाटतं मला आलं, आणि पेपरात आठवत नाही. मागच्या चाचणीत सात गुण गेले."

चूक माझीच होती, हे पटलं. पण पोटातलं दुखणं थांबेना. दुसऱ्या दिवशी वाचायचा चष्मा घरीच ठेवून मीही खाली गेलो.

"या बाबा," इस्त्रीवाला म्हणाला. "शर्टावर शिंपडलेलं पाणी कुठे जातं, ते चाललंय."

"तीस वर्षं शिंपडतोयस, अजून पत्ता लागला नाही?"

"तुम्हाला लागलाय ना? मग गप ऐका."

नात खुदकन हसली. ते हसू मला बोचलं. दोनदा उत्तर ओठांवर आलं, दोनदा गिळलं. मग धडा संपता संपता मनातलं बाहेर पडलं, "जाड काँक्रीट ओतलं की काही तासांनी हाताला गरम लागतं. खाली ना चूल, ना विस्तव. चाळीस वर्षं बघितलं. का गं होतं असं?"

ती थांबली. पुस्तक चाळलं, कपाळाला आठी पडली. मग वहीत प्रश्न लिहून त्याखाली रेघ मारली.

"उद्या बाईंना विचारते. मग सांगते तुम्हाला."

"मलाही सांग हं," इस्त्रीवाला म्हणाला.

"तू शर्ट बघ, करपेल," मी म्हटलं. "प्रश्न माझा आहे."

आणि वर जाताना आमचं स्टूल उचलून नेलं.