बिनघोर वाक्य

पिंपळगाव राजाच्या शाळेत चाळीस वर्षं मराठी शिकवली मी, माणिकराव गुरुजीनं. नियम एकच. शब्द दिला की वाक्य आपल्या घरचं पाहिजे, अन् खरं पाहिजे. 'बिनघोर' दिला की अर्धा वर्ग लिहायचा, 'राजा बिनघोर झोपला.' "तुह्या घरी राजा हाये का बे?" म्हणून मी सरळ शून्य द्यायचो. माही पोरगी प्रेरणा त्याच वर्गात होती. तिनं लिहिलं, 'बाबा ओसरीत असले की मी बिनघोर झोपते.' तिले पैकीच्या पैकी दिले. घरची म्हणून नाही, खरं होतं म्हणून.

आता ती पुण्यात. तिची माय जाऊन दोन वर्षं झाली. मी पहाटपासून जागाच असतो, पण दाराची कडी काढत नाही. आठ वाजले अन् दार बंद दिसलं की शेजारची अमीना ठोकते, "गुरुजी, उठले का हो?" दिवसातून तेवढीच एक हाक. लाज वाटते, पण काय करू?

परवा दुपारी प्रेरणाचा फोन आला. "बाबा, शनिवारचं तिकीट काढलं हाये, पण ऑफिसात लई काम हाये. झोप लागत नसंन तर येते, नाही तर दिवाळीले येईन. खरं सांगा."

मनात होतं, ये माय. तोंडातून निघाली अकड. "अवं, मी बिनघोर झोपतो! मले काय धाड भरली?"

"मग झालं तर," ती हसली. "तुम्ही तो शब्द खोटा वापरत नाही."

दुसऱ्या कोणाच्या पोरीनं आवाजावरून ओळखलं असतं. माहीनं शब्दावर भरोसा ठेवला, कारण मीच तसं शिकवलं. घ्या आता!

तासभर घरात येरझाऱ्या घातल्या अन् फोन लावला. "प्रेरणा, मघाच्या वाक्याले शून्य दे."

ती मग म्हणाली, "बाबा, तिकीट रद्द केलं मी."

"असू दे."

"खरं वाक्य सांगा."

मास्तर असून वाक्य जमेना. शेवटी म्हटलं, "मी रोज कडी लावून पडून राहतो, कोणी हाक मारावी म्हणून."

ती रडली. "दुसरी गाडी भेटते का पाहते," म्हणाली.

आज रविवार. प्रेरणा आली तर तिले ठोकावं लागू नये म्हणून सहालेच कडी काढली अन् समोर बसलो. आठ वाजले, नऊ वाजले. दार उघडं दिसलं म्हणून अमीनाही हाक मारायले आली नाही.