आवाज देणारा दौलत

वडाळ्याच्या दगडखाणीत कैद्यांनी तोंड उघडायचं नाही, असा कायदा होता. खोकला आला तरी मुकादमाची मर्जी बघून खोकायचं. एकट्या दौलत कोळ्याला मात्र ओरडायची मुभा होती, आणि तीही काही मेहेरबानी नव्हे. खाणीतला मोठा दगड खाडीत उभ्या मालवाहू पडावापर्यंत ओढायचा तर कुणीतरी आवाज द्यावा लागतो. दौलतनं ‘हेऽऽ’ म्हणायचं, दोराला लागलेल्यांनी ‘हैसा’ म्हणत एकदम ओढायचं. त्यावाचून दगड जागचा हलत नसे, मग खाणीवरचा गोरा साहेब कितीही वेत आपटो.

प्लेगच्या साली गोरे सोजीर तपासणीच्या नावाखाली शिवडीच्या कोळीवाड्यात शिरले आणि धडधाकट बायकांनाही फरफटत न्यायला लागले. तेव्हा दौलत आणि त्याचा जिवलग रघू वल्ही घेऊन आडवे झाले, त्यांच्यामागे सगळी वाडी. सरकारच्या लेखी हा राजद्रोह, म्हणून वाडीतले गडी या खाणीत. माफी मागा, सुटाल, असं सांगून झालं. पण कुणीच मागितली नाही. कशाची मागायची?

त्या दिवशी रघू तापानं फणफणला होता. पायांत बेड्या, डोळे लाल, उभं राहताना झोकांड्या जात होत्या. साहेब म्हणाला, सोंग आहे. मुकादम महादेव स्वतःही कैदीच, पण जुना आणि साहेबाच्या मर्जीतला. त्यानं रघूला ढकलून दोराला लावलं.

कोळीवाड्यात होडी किनाऱ्यावर ओढताना एक रीत असते. आवाज देणारा दोराला हात लावत नाही, त्यानं माणसं बघायची. कुणाचा पाय लटपटताना दिसला, तर तो बाजूला होईपर्यंत आवाज निघत नाही, कारण पडलेला माणूस होडीखाली जातो. इथे तर होडीच्या जागी उतारावरचा दगड. दौलतनं रघूकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

“आवाज दे रे!” महादेव खेकसला.

“नाय देनार. रघूला सावलीत बसवा, पानी पाजा. मंग देतो.”

साहेब उकडलेल्या खेकड्यासारखा लाल झाला. त्यानं महादेवलाच आवाज द्यायला लावलं. महादेवनं घसा फोडला, पण दोरावरचे सगळे शिवडीचे. कुणी आधी ओढलं, कुणी मागाहून, कुणी नुसतंच कण्हलं. दगड ढिम्म! इकडे खाडीचं पाणी उतरायला लागलेलं, आणि पडाव चिखलात रुतला तर वरचा साहेब या साहेबाची सालटी काढणार होता.

“संध्याकाळी तुला टिकटीला बांधून फटके देतो,” साहेब मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला.

“मारा की. पन आधी रघू.”

दौलतला भीती वाटली नाही असं नाही. टिकटीवरून उतरलेल्या माणसाची पाठ त्यानं पाहिली होती. पण रघू दगडाखाली चिरडला तर ते पाप आवाज देणाऱ्याच्या माथी, आणि ते काही साहेब वाटून घेणार नव्हता.

शेवटी साहेबानं चडफडत मान हलवली. रघू सावलीत टेकून पाणी प्यायला, ते डोळ्यांनी बघून मगच दौलतनं छाती भरून घेतली.

“हेऽऽ साहेबाचा दगड!”

“हैसा!”

“साहेबाच्या टाळक्यात!”

“हैसा!”

दगड निमूट चालू लागला.

“काय म्हणतोय तो?” साहेबानं विचारलं.

“देवाचं नाव घेतोय, साहेब,” महादेव खाली मान घालून म्हणाला.

साहेब मात्र शब्दाचा पक्का. संध्याकाळी दौलतला टिकटीला बांधलं, बाकीच्यांना बराकीत कोंडलं. वेत महादेवच्याच हाती दिला. पहिला फटका बसला आणि दौलतच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. किंकाळी गळ्याशी आली, ती त्यानं तिथेच वळवून घेतली.

“हेऽऽ!”

“हैसा!” कुलपाआडून सगळी बराक गरजली.

साहेब ‘चूप, चूप’ म्हणून ओरडत बराकीकडे धावला. महादेवचा हात दुसऱ्यांदा उठला, पडला. दौलतनं पुन्हा आवाज दिला. बराकीनं पुन्हा उत्तर दिलं, आणि या खेपेला त्यात रघूचा तापानं चिरकलेला गळा दौलतला स्पष्ट ऐकू आला.